जबड्याच्या हाडातील दाह प्रथिनांवरून कसा मोजावा : पहिल्यांदाच प्रयोगशाळेत उतरणाऱ्यांसाठी

दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रबंधासाठी हा विषय घेणाऱ्या बहुतेकांच्या हाती तोवर मायक्रोपिपेट आलेले नसते. माझीही सुरुवात तशीच झाली. विषय मंजूर झाला, एलायझाचे, म्हणजे प्रतिपिंडांच्या मदतीने प्रथिन मोजण्याच्या चाचणीचे, किट मागवले, आणि मग लक्षात आले की किटबरोबरची पुस्तिका रक्तद्रव किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. हाडाचे काय करायचे, हे तिच्यात नसते. हाड टणक असते, त्याच्या पोकळ्या रक्ताने आणि मज्जेने भरलेल्या असतात आणि त्याच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग खनिजाचा असतो. यांपैकी प्रत्येक गोष्ट मोजमाप बिघडवू शकते. यंत्र मात्र कसाही नमुना दिला तरी आकडा देतेच. तो आकडा विश्वासार्ह आहे की नाही, हे बव्हंशी रुग्णाच्या खुर्चीपासून फ्रीझरपर्यंतच्या पहिल्या काही मिनिटांत ठरते. म्हणून त्या टप्प्याबद्दल मी येथे अधिक विस्ताराने लिहिले आहे.

१. काय मोजायचे ते आधी ठरवा

दाताच्या मुळाशी जिवाणूंचा संसर्ग पोहोचला की तेथील भक्षक पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा ही संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्यांच्या प्रभावाने हाड घडवणाऱ्या पेशी रँकएल नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करतात, ते पूर्वपेशींवरील रँक या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटते आणि त्यांतून हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी बनतात. ऑस्टिओप्रोटेजेरिन, म्हणजे ओपीजी, हे प्रथिन रँकएलला मधल्या मध्ये अडवते. त्यामुळे तुमचा प्रश्न ‘येथे दाह आहे का’ असा असेल तर पहिली तीन प्रथिने पाहावीत, आणि ‘हाड झिजत आहे का’ असा असेल तर रँकएल व ओपीजी यांचे गुणोत्तर पाहावे. दोन्ही प्रश्न एकाच प्रबंधात घेण्याचा मोह होतो, पण ऊती तेवढी मिळत नाही. हिशेब असा आहे : ५० मिलीग्रॅम हाडाच्या पुडीला ५०० मायक्रोलिटर बफर (प्रथिने विरघळवून बाहेर काढणारा द्राव) घातला की सेंट्रिफ्यूजनंतर, म्हणजे वेगाने फिरवून गाळ खाली बसवल्यावर, वरचा स्वच्छ द्राव सुमारे ४०० मायक्रोलिटर हाती लागतो. नमुना दुप्पट विरल करून प्रत्येक प्रथिनासाठी एलायझाच्या प्लेटमधले दोन खाचे भरायचे म्हटले तर, पिपेटमधील घट धरून, मूळ द्रावातील सुमारे १२० मायक्रोलिटर खर्च होतो. म्हणजे तीन प्रथिने झाली की द्राव संपला. प्रबंधाचा सारांश लिहितानाच तीनांवर थांबा.

२. परवानग्या आणि कागदपत्रे

संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी हाती येण्यापूर्वी एकही नमुना घेऊ नका, ‘नंतर मिळेलच’ या भरवशावर तर मुळीच नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ सालची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे समिती समोर ठेवते, म्हणून अर्ज लिहिण्याआधी त्यांतील साठवलेल्या जैविक नमुन्यांविषयीचे प्रकरण वाचून घ्यावे. साधारणपणे पुढील कागदपत्रे लागतात :

- नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे सादर केलेल्या, किंवा तुमच्या विद्यापीठाच्या पद्धतीप्रमाणे तयार केलेल्या, प्रबंधाच्या सारांशाची प्रत
- नैतिकता समितीचा अर्ज आणि मंजुरीपत्र
- रुग्णासाठी माहितीपत्रक व संमतीपत्र, मराठीत आणि रुग्णाला कळणाऱ्या अन्य भाषेत
- प्रयोगशाळा दुसऱ्या विभागाची किंवा संस्थेची असल्यास तेथील प्रमुखांचे संमतीपत्र
- रुग्णाच्या माहितीचा तक्ता आणि सांकेतिक क्रमांकांची वही, जी कुलूपबंद ठेवायची असते

संमतीपत्रात एक वाक्य ठळकपणे असावे : उपचारासाठी जे हाड काढावेच लागणार आहे तेवढेच घेतले जाईल, अभ्यासासाठी जास्तीचे काढले जाणार नाही, आणि नकार दिल्याने उपचारात फरक पडणार नाही. हे वाक्य रुग्णाला वाचून दाखवा. आमच्याकडे येणाऱ्या अनेकांना अंगठा कशावर उमटवला हे कोणी सांगितलेले नसते, आणि आपल्या अभ्यासात तरी तसे होता कामा नये.

३. रुग्णांची निवड आणि विचारायचे प्रश्न

दाहाचा गट ठरवणे सोपे असते : मुळाच्या टोकाशी जुना व्रण असलेले, किंवा अक्कलदाढेभोवती वारंवार सूज येणारे रुग्ण. तुलनेचा गट मात्र अवघड, कारण निरोगी माणसाच्या जबड्याचे हाड कोणी उगाच काढत नाही. जबड्याची ठेवण सुधारण्याच्या शस्त्रक्रिया, दातरोपणासाठी हाडात घेतलेले छिद्र, किंवा कधीही सूज न आलेली अडकलेली अक्कलदाढ काढताना निघणारे हाड, हे त्यातल्या त्यात योग्य पर्याय आहेत. दोन्ही गटांचे वय आणि हाड घेतल्याची जागा जुळती ठेवा; वरचा जबडा सच्छिद्र असतो, खालचा घट्ट, आणि त्यांची तुलना केली तर तुम्ही दाह मोजत आहात की मज्जेचे प्रमाण, हेच कळेनासे होते.

मधुमेह, सुरू असलेली प्रतिजैविके आणि स्टेरॉइड यांची नोंद सगळेच करतात. दोन प्रश्न मात्र हमखास राहतात. पहिला, दुखते म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळीचा. वेदनाशामक गोळ्या दाहाची साखळी मध्येच तोडतात, आणि रुग्ण त्यांना ‘औषध’ मानत नाही, म्हणून ‘काल-परवा कुठली गोळी घेतली का’ असेच विचारावे. दुसरा प्रश्न तंबाखूचा. एका मावशींना मी विचारले, “मावशी, तंबाखू खाता का?” त्या ठामपणे नाही म्हणाल्या. हिरड्यांवरचा काळसर थर पाहून पुन्हा विचारले, “मिश्री लावता का?” तेव्हा त्या म्हणाल्या, “लावते की, सकाळ-संध्याकाळ.” भाजलेली तंबाखूच ती, पण बोलण्यात तिला तंबाखू म्हणत नाहीत. तक्त्यात सिगारेट, विडी, गुटखा, मावा, मिश्री असे वेगवेगळे रकाने ठेवा.

४. आदल्या दिवशी तयार ठेवायच्या वस्तू

निर्जंतुक क्रायोव्हायल (अतिथंड साठवणीच्या कुप्या), त्यांवर आधीच लिहिलेले सांकेतिक क्रमांक, बर्फात गार केलेले निर्जंतुक सलाइन, गाळणकागद, टिपून घेण्यासाठी बारीक चिमटा, नमुना गोठवण्यासाठी लिक्विड नायट्रोजनचा छोटा कॅन किंवा थर्मोकोलच्या पेटीत ड्राय आइस, एका मिलीग्रॅमपर्यंतचे वजन दाखवणारा काटा, आणि शेवटच्या क्षणापर्यंत बर्फातच राहणारा बफर. नाव लिहिण्यासाठी साधा मार्कर चालत नाही. नायट्रोजनमधून काढलेल्या कुपीवर दव धरते आणि शाई पुसली जाते. शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी किंवा अतिथंड तापमानासाठी मिळणारे लेबल वापरा. हिपॅटायटिस-बी ची लस पूर्ण झालेली नसेल तर आधी ती घ्या, कारण तुम्ही मानवी रक्त असलेली ऊती हाताळणार आहात.

५. शस्त्रक्रियेच्या खोलीत

माझा पहिला नमुना अक्कलदाढेमागचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा होता. तो ट्रेमध्ये ठेवून मी हातमोजे बदलेपर्यंत सिस्टरांनी नेहमीच्या पद्धतीने तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला, झाकण लावले आणि नीट लेबल करून बाटली माझ्या हातात दिली. त्यांचे काही चुकले नव्हते. त्या खोलीत निघालेली प्रत्येक ऊती आजवर फॉर्मॅलिनमध्येच जात आली होती आणि मी त्यांना काही सांगितलेच नव्हते. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकते, त्यामुळे तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी उत्तम राहिला, पण एलायझासाठी संपला. तेव्हापासून प्रत्येक शस्त्रक्रियेआधी सिस्टर आणि मदतनीस मामा या दोघांनाही कुपी दाखवून ‘आजचे हाड यात, फॉर्मॅलिनमध्ये नाही’ असे सांगण्याचा नेम मी पाळला. तुम्हीही पाळा.

हाड कसे काढले जाते, यालाही तेवढेच महत्त्व आहे. एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ साली सशांच्या हाडावर दाखवून दिले की ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट तापले तरी हाडाला इजा होते. ड्रिलच्या वेगाने फिरणाऱ्या बरखाली (कापणाऱ्या टोकाखाली) हाडाचा जो भुगा होतो तो तापलेला तरी असतो किंवा पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन तरी गेलेला असतो. म्हणून भुगा गोळा करू नका. रोंजरने (हाड तोडण्याच्या चिमट्याने) उचललेला किंवा कमी वेगाच्या ट्रिफाइनने (पोकळ नळीसारख्या ड्रिलने) भरपूर पाणी सोडत काढलेला अखंड तुकडाच घ्या, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या सरांशी किंवा मॅडमशी हे आधी बोलून ठेवा. ऐन वेळी सांगून उपयोग होत नाही.

तुकडा हाती आल्यावर तो गार सलाइनमध्ये दोन-तीनदा हलक्या हाताने हलवून रक्त काढा, पण भिजत ठेवू नका, कारण विरघळणारी प्रथिनेही सलाइनमध्ये उतरतात. पाण्यात फिकट गुलाबी छटा उरली तरी थांबा. गाळणकागदावर टिपा. चिकटलेली मऊ दाणेदार ऊती चिमट्याने वेगळी करा आणि तिला स्वतंत्र कुपी द्या; ती हाडाबरोबर गेली तर आकडे कित्येक पट चढतात आणि तुम्हाला वाटते की हाडातच एवढा दाह आहे. त्यानंतर तुकड्याचे दोन भाग करा. एक भाग १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाकून ऊतिविकृती तपासणीला पाठवा, दुसरा लगेच गोठवा. शेजारच्याच भागात सूक्ष्मदर्शकाखाली दाहपेशी दिसल्या की नाहीत, हे माहीत नसेल तर प्रथिनांच्या आकड्याला आधार राहत नाही. काढल्यापासून गोठवण्यापर्यंतचा वेळ घड्याळ पाहून लिहा आणि सर्व नमुन्यांत तो सारखा ठेवण्याचा प्रयत्न करा.

लिक्विड नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो. घट्ट झाकणाच्या कुपीत तो शिरला आणि कुपी बाहेर काढली तर आत वायू होऊन ती फुटू शकते. डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे आणि खिडक्या उघड्या, यांशिवाय तो हाताळू नका.

६. साठवण आणि वाहतूक

उणे ८० अंशांचा डीप फ्रीझर हीच योग्य जागा. घरगुती धाटणीच्या, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरचे तापमान अधूनमधून वर चढत राहते, त्यामुळे तेथे महिनोन् महिने ठेवलेल्या नमुन्यांवर विसंबू नये. वीज गेल्यावर फ्रीझर जनरेटरवर जातो का, रात्री अलार्म वाजला तर कोण येते, आणि दिवाळीच्या सुट्टीत किल्ली कोणाकडे असते, हे तीन प्रश्न प्रयोगशाळेला पहिल्याच दिवशी विचारा. नमुने एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत नेताना साधा बर्फ नव्हे, ड्राय आइस वापरा.

७. हाड दळणे आणि प्रथिने बाहेर काढणे

चिनी मातीचा खल आणि बत्ता आधी लिक्विड नायट्रोजनने गार करा, गोठलेला तुकडा त्यात टाका, वर पुन्हा नायट्रोजन ओता आणि तो उडून जाण्यापूर्वी कुटा. घाई करून जोराने घाव घातला तर कणी टेबलावर उडते. पहिले काही ठोके हलके, नुसता दाब देऊन, आणि हाड तडकल्याचा कोरडा आवाज आला की मग गोलाकार घोटायचे. पूड मैद्यासारखी झाली पाहिजे, रव्यासारखी राहिली तर प्रथिने आतच अडकतात. प्रत्येक नमुन्यानंतर खल धुऊन, सुकवून, पुन्हा गार करावा लागतो. दिवसात सहा नमुने झाले तर चांगले काम झाले असे समजा.

पुडीचे वजन करून दर मिलीग्रॅमला १० मायक्रोलिटर या प्रमाणात गार बफर घाला. येथे नवख्यांचा मोठा गोंधळ होतो. रिपा बफर सर्वांच्या तोंडी असतो, पण त्यातील एसडीएस हे तीव्र डिटर्जंट प्रथिनांची घडी मोडते आणि एलायझाच्या प्रतिपिंडांनाही बाधते. एलायझाच करायची असेल तर ट्रिस, १५० मिलिमोलर मीठ आणि १ टक्का ट्रायटन एक्स-१०० असा सौम्य बफर घ्या. रिपा वेस्टर्न ब्लॉटसाठी, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करून पडद्यावर ओळखण्याच्या पद्धतीसाठी, ठेवा. प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांना रोखणारे मिश्रण वापरण्याच्या क्षणी मिसळा. विशेषतः त्यातील पीएमएसएफ पाण्यात थोड्याच वेळात निष्प्रभ होते, त्यामुळे सकाळी तयार केलेला बफर दुपारी वापरणे म्हणजे संरक्षण नसल्यासारखेच आहे.

बर्फावर अर्धा तास ठेवून अधूनमधून हलवा आणि ४ अंशांवर १२,००० जी इतक्या बलाने १५ मिनिटे सेंट्रिफ्यूज करा. ‘जी’, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेले बल, आणि मिनिटाच्या फेऱ्या या वेगळ्या गोष्टी आहेत. रोटरची त्रिज्या ८.५ सेंटिमीटर असेल तर मिनिटाला १२,००० फेऱ्यांना सुमारे १३,७०० जी मिळतात. त्रिज्या ५ सेंटिमीटर असेल तर त्याच फेऱ्यांना जेमतेम ८,०००. वरचा द्राव छोट्या छोट्या भागांत वाटून ठेवा, म्हणजे तोच नमुना पुन्हा पुन्हा वितळवावा लागत नाही. खनिजाला घट्ट बांधलेली प्रथिने या पद्धतीने पूर्ण निघत नाहीत. त्यांच्यासाठी ईडीटीए या कॅल्शियम बांधून घेणाऱ्या रसायनाने खनिज काढावे लागते. दाहाच्या संदेशवाहकांसाठी सहसा त्याची गरज पडत नाही, पण प्रबंधात ‘विरघळणारी प्रथिने मोजली’ असेच लिहावे.

८. एकूण प्रथिनांचे मोजमाप

ब्रॅडफर्डची १९७६ सालची पद्धत झटपट होते, पण ट्रायटनसारख्या डिटर्जंटमुळे तिचा रंग चुकतो. म्हणून बीसीए ही रंगावरूनच प्रथिने मोजणारी दुसरी पद्धत वापरा : ३७ अंशांवर ३० मिनिटे, वाचन ५६२ नॅनोमीटरवर. बीसीएला मात्र ईडीटीएचे जास्त प्रमाण आणि डीटीटीसारखी क्षपणक रसायने सोसत नाहीत. तुलनेसाठीचे प्रमाणित बीएसएचे (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिनाचे) द्राव नमुन्याच्याच बफरमध्ये बनवा, पाण्यात नव्हे. लालसर दिसणाऱ्या नमुन्याची वेगळी खूण करून ठेवा. त्यातील हिमोग्लोबिन रंगही वाढवते आणि प्रथिनांचा आकडाही फुगवते.

९. एलायझा

किटमधील ९६ खाच्यांपैकी प्रमाणित द्रावाच्या सात पायऱ्या आणि एक कोरा, प्रत्येकी दोन, असे १६ खाचे जातात. उरलेल्या ८० खाच्यांत ४० नमुने बसतात. त्यांतील एक जागा सर्व नमुन्यांचे थोडे थोडे मिश्रण करून बनवलेल्या नियंत्रण नमुन्याला द्या आणि तोच प्रत्येक प्लेटवर लावा, म्हणजे दोन प्लेटांमधला फरक लपून राहत नाही. दोन्ही गटांचे नमुने प्रत्येक प्लेटवर मिसळून लावा. एका प्लेटवर सगळे दाहाचे आणि दुसरीवर सगळे निरोगी असे केले तर प्लेटमधला फरक आजारातला फरक म्हणून छापला जातो.

सर्व नमुने लावण्याआधी एक दिवस पुनर्प्राप्तीच्या चाचणीला द्या. समजा एका नमुन्यात ६० पिकोग्रॅम प्रतिमिलिलिटर निघाले. त्यात २०० पिकोग्रॅम इतके प्रमाणित प्रथिन मुद्दाम मिसळले तर २६० यायला हवे. आले १५०, तर मिसळलेल्या २०० पैकी फक्त ९०, म्हणजे ४५ टक्के परत मिळाले, आणि तुमच्या हाडाच्या द्रावातले काहीतरी मोजमापाच्या आड येते आहे. ८० ते १२० टक्क्यांच्या आत आकडा येईपर्यंत विरलन बदलत राहा. ही चाचणी बहुतेकजण गाळतात. मला ती करायला प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ मॅडमनी लावले, आणि त्यामुळे माझी अख्खी प्लेट वाचली.

पुस्तिकेतील ‘खोलीचे तापमान’ म्हणजे २० ते २५ अंश. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे वातानुकूलन बंद असलेल्या खोलीत ते कुठच्या कुठे जाते आणि सगळ्या प्लेटला गडद रंग चढतो. प्लेट नेहमी झाकून ठेवा, नाहीतर कडेचे खाचे आधी सुकतात. धुण्याच्या द्रावात सोडियम अॅझाइड असता कामा नये. रंग देणारे पेरॉक्सिडेज एन्झाइम त्याने बंद पडते आणि प्लेट कोरी राहते. शेवटी आम्ल घालून निळ्याचा पिवळा झाल्यावर ४५० नॅनोमीटरवर वाचन घ्या आणि ५४० किंवा ५७० वरचे वाचन त्यातून वजा करा.

१०. वेस्टर्न ब्लॉट कधी

प्रथिन कोणत्या रूपात आहे हे पाहायचे असेल तेव्हाच. इंटरल्यूकिन-१ बीटाचे निष्क्रिय रूप ३१ किलोडाल्टनचे आणि सक्रिय रूप १७ किलोडाल्टनचे असते, आणि हा भेद ब्लॉटवर स्पष्ट दिसतो. इतक्या छोट्या प्रथिनासाठी ०.२ मायक्रॉन छिद्रांचा पडदा घ्या. हिमोग्लोबिनची उपएकके सुमारे १६ किलोडाल्टनची असल्याने नीट न धुतलेल्या हाडात नेमक्या त्याच जागी फसवा पट्टा येऊ शकतो. म्हणून पडद्याची एक पट्टी प्रतिपिंडाशिवाय करून शेजारी ठेवा.

११. आकडे मांडणे आणि रुग्णाला सांगणे

एलायझात ८४ पिकोग्रॅम प्रतिमिलिलिटर आले आणि नमुना दुप्पट विरल केलेला होता, तर मूळ आकडा १६८. त्याच द्रावात एकूण प्रथिने १.४ मिलीग्रॅम प्रतिमिलिलिटर असतील तर उत्तर १२० पिकोग्रॅम प्रतिमिलीग्रॅम प्रथिन. ओल्या ऊतीच्या वजनावर काढलेला आकडाही शेजारी द्या. दोन्हींचा कल एकाच दिशेने गेला तर निष्कर्ष भक्कम. मोजता येण्याच्या मर्यादेखालच्या नमुन्याला शून्य लिहू नका, ‘मर्यादेखाली’ असे लिहा. अशा आकड्यांचे वितरण सहसा एका बाजूला ओढलेले असते, म्हणून सरासरीऐवजी मध्यक आणि दोन गटांसाठी मान-व्हिटनी चाचणी बरी पडते. हे सारे प्लेट लावण्याआधी संख्याशास्त्रज्ञांना दाखवा, नंतर नव्हे.

उरलेले हाड आणि ऊती २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत जातात, सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून फुटणार नाही अशा डब्यात.

काही रुग्ण फोन करून विचारतात की माझ्या हाडात काय निघाले. बहुतेक किटांवर ‘फक्त संशोधनासाठी’ असे छापलेले असते आणि जबड्याच्या हाडातील या प्रथिनांना निदानासाठी मान्य अशी सीमारेषा नाही. जबड्यात ‘लपलेला दाह’ आहे असे एखाद्या प्रथिनाच्या आकड्यावरून सांगून हाड खरवडण्याचा सल्ला दिला जातो, असेही ऐकू येते; तसा सल्ला आपल्या प्रबंधातल्या आकड्यावरून कोणालाही देऊ नका. अस्थिमज्जादाहाचे निदान लक्षणे, क्ष-किरण किंवा सीबीसीटी (जबड्याचे त्रिमितीय क्ष-किरण चित्र), जिवाणूंचे कल्चर आणि ऊतिविकृती यांवरूनच होते. म्हणून रुग्णाला ऊतिविकृतीचा अहवाल हाती द्या, तो समोर बसवून समजावून सांगा, पुढच्या तपासणीची तारीख त्यावर लिहून द्या, आणि प्रथिनांचा आकडा गटाच्या तक्त्यातच राहू द्या.